दारातच उपचार सुरू करणारी माणसे

मार्चअखेरचे दिवस होते. आमच्या कार्यालयात हिशेब जुळवण्याची धांदल चालू होती. दुपारी तीनच्या सुमारास जुन्या फायलींच्या कपाटापाशी काहीतरी धाडकन पडल्याचा आवाज झाला. जाऊन पाहतो तो आमचे शिपाई मामा जमिनीवर कोसळलेले!

आम्ही तीस-पस्तीस माणसे त्यांच्याभोवती गोळा झालो. कोणी पंखा मोठा केला, कोणी तोंडावर पाणी मारले, कोणी चप्पल हुंगवा म्हणाले, एक जण कांदा आणायला कँटीनकडे धावला. मामांच्या घशातून मधूनच घर्रर्र असा आवाज येत होता. त्यावरून ‘श्वास चालू आहे, श्वास चालू आहे’ असे आम्ही एकमेकांना सांगत राहिलो. शेवटी चौघांनी त्यांना हातापायांना धरून उचलले, रिक्षात दोघांच्या मध्ये बसवले आणि इस्पितळाकडे नेले. वाटेत त्यांची मान सारखी छातीवर पडत होती. शेजारी मी बसलो होतो. इस्पितळाच्या दारातच डॉक्टरांनी तपासले, घड्याळाकडे पाहिले आणि एकच प्रश्न विचारला, “कोणी छाती दाबली होती का?”

आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहिले. आमच्यात पदवीधर होते, संघटनेचे कार्यकर्ते होते, मी स्वतः बी. कॉम. झालेला. पैशाचा हिशेब आम्हाला येत होता. परंतु मामांच्या हाती किती मिनिटे आहेत, हा हिशेब आमच्यापैकी एकालाही मांडता आला नाही.

त्या एका प्रश्नामुळे मी या विषयावर मिळेल ते वाचू लागलो. वाचता वाचता अमेरिकेतील एका कृष्णवर्णीय वस्तीची हकिगत हाती आली. ती आपल्या प्रत्येक घरात पोहोचावी असे वाटले, म्हणून हा लेखप्रपंच.

शववाहिका आणि पोलिसांची गाडी

अमेरिका म्हटले की भोंगा वाजवत धावणारी सुसज्ज रुग्णवाहिका आपल्या डोळ्यांसमोर येते. परंतु १९६० च्या दशकात तेथेही तसे चित्र नव्हते. देशातील जवळपास निम्मी रुग्णवाहिका सेवा अंत्यविधीचा व्यवसाय करणारे लोक चालवीत, कारण माणसाला आडवे ठेवून नेता येईल अशी लांब गाडी त्यांच्याकडेच असे! १९६६ साली तेथील राष्ट्रीय विज्ञान अकादमीने अपघाती मृत्यू आणि अपंगत्व यावर जो अहवाल काढला, त्यात या दुरवस्थेवर बोट ठेवले होते.

पेनसिल्व्हेनिया राज्यातील पिट्सबर्ग शहरात हे काम पोलिसांकडे होते. आरोपींना नेण्याची बंद गाडी तीच रुग्णांचीही गाडी. दोन शिपाई यायचे, कापडी स्ट्रेचरवर रुग्णाला टाकायचे, मागे सरकवायचे आणि दोघेही पुढे जाऊन बसायचे. रुग्णाजवळ कोणी नाही. उचला आणि पळवा, एवढाच उपचार.

याच शहरात हिल डिस्ट्रिक्ट नावाची कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती होती. १९५० च्या दशकात शहर सुधारणेच्या नावाखाली या वस्तीचा खालचा भाग पाडण्यात आला आणि सुमारे ८,००० रहिवासी बेघर झाले. उरलेल्या वस्तीत बेकारी होती, दारिद्र्य होते आणि पोलिसांविषयी भय होते. घरात कोणी अत्यवस्थ झाले तर बोलवायचे कोणाला? ज्यांची भीती वाटते त्यांनाच! पुष्कळ लोक बोलवतच नसत. बोलावले तरी गाडी वेळेवर येईल याचा भरवसा नसे.

हा अन्याय गरिबांच्याच वाट्याला अधिक येत होता; परंतु व्यवस्थाच नसली की ती बड्यांच्याही कामी येत नाही. नोव्हेंबर १९६६ मध्ये राज्याचे माजी गव्हर्नर आणि पिट्सबर्गचे माजी महापौर डेव्हिड लॉरेन्स भर सभेत कोसळले. त्यांनाही पोलिसांच्या गाडीतूनच नेण्यात आले. इस्पितळात त्यांचे हृदय पुन्हा सुरू झाले, पण मेंदूला झालेली इजा भरून आली नाही. काही दिवसांनी ते वारले.

डॉक्टर आणि भाजीची गाडी

त्या इस्पितळात डॉ. पीटर सफार हे भूलतज्ज्ञ होते. १९२४ साली व्हिएन्नात जन्मलेल्या या डॉक्टरांनी तरुणपणी नाझी राजवट पाहिली होती. पुढे अमेरिकेत आल्यावर १९५० च्या दशकात त्यांनी प्रयोग करून दाखवून दिले की, श्वास थांबलेल्या माणसाला दुसऱ्याच्या तोंडातील हवा पुरते आणि ते काम साधा, प्रशिक्षण घेतलेला माणूसही करू शकतो. श्वासमार्ग, श्वास आणि रक्ताभिसरण हा जो क्रम आज जगभर शिकवला जातो, तो रूढ करण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. १९६६ सालीच त्यांची स्वतःची लहान मुलगी दम्याच्या झटक्याने गेली. ज्याने जगाला श्वास द्यायला शिकवले, त्याच्याच घरी ही वेळ आली. इस्पितळात पोहोचण्यापूर्वीच्या मिनिटांत काय होते, या प्रश्नाने त्यांना झपाटले.

दुसऱ्या बाजूला फिल हॅलन नावाचे गृहस्थ होते. एका धर्मादाय निधीचे ते अध्यक्ष होते आणि पूर्वी त्यांनी रुग्णवाहिकाही चालवली होती. वस्तीत जेम्स मॅकॉय यांची ‘फ्रीडम हाऊस’ ही संस्था काम करीत होती. कृष्णवर्णीयांना रोजगार मिळावा, वस्तीत भाजीपाला पोहोचावा असे तिचे उद्योग होते. वस्तीतल्या लोकांना दवाखान्यात नेण्यासाठी गाड्या असाव्यात, एवढीच मूळ कल्पना होती. डॉ. सफार म्हणाले, नुसती गाडी नको. गाडीत उपचार करणारी माणसे तयार करू.

आणि १९६७ साली ती माणसे वस्तीतूनच निवडली गेली. पहिल्या तुकडीत सुमारे २५ जण होते. कोणी व्हिएतनामच्या युद्धावरून परतलेला, कोणी बेकार, कोणी तुरुंगात जाऊन आलेला. निम्म्यांचे शालेय शिक्षणही पुरे झाले नव्हते. ‘यांना कोणते काम जमणार?’ असे म्हणून समाजाने ज्यांना बाजूला टाकले होते, त्यांच्या हाती डॉ. सफार यांनी माणसाचा जीव सोपवायचे ठरवले. सुमारे ३०० तासांचे प्रशिक्षण झाले. शरीररचना, श्वासमार्ग मोकळा करणे, छातीदाब, रक्तस्राव थांबवणे, बाळंतपण, गाडी चालवणे हे सारे शिकवले गेले. इस्पितळातील शस्त्रक्रियागृहात उभे राहून त्यांनी हात बसवला. ज्यांची शाळा सुटली होती त्यांनी तीही पुरी केली. १९६८ साली गाड्या रस्त्यावर आल्या.

ते काय पाहत?

वाचक बंधू-भगिनींनो, आता प्रश्न असा की हे लोक शिकले तरी काय? आज ज्याला आपण आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ म्हणतो, तो दारात आल्यावर नेमके काय करतो? हे वाचताना मला आमच्या कार्यालयातील ती दुपार पुन्हा पुन्हा आठवली, आणि आमची एकेक चूक समोर उभी राहिली.

पहिली गोष्ट, तो आधी जागा पाहतो. विजेची तार पडली आहे का, गॅसचा वास येतो का, रस्त्यावर मागून वाहन येते का? मदत करणाराच पडला तर एकाचे दोन रुग्ण होतात. मग गर्दी बाजूला करतो. आम्ही तर तीस-पस्तीस जणांनी मामांची हवाच अडवली होती.

दुसरी गोष्ट, शुद्ध. खांदा थोपटून तो मोठ्याने हाक मारतो. रुग्ण पूर्ण जागा आहे, की हाकेला ओ देतो, की चिमटा घेतल्यावरच हलतो, की कशालाच दाद देत नाही? या चार पायऱ्यांवरून आजार किती गंभीर आहे याचा पहिला अंदाज येतो.

तिसरी गोष्ट, श्वासमार्ग. बेशुद्ध माणसाची जीभ सैल होऊन मागे पडते आणि घसा बंद होतो. त्याला बसवले आणि मान पुढे पडली की ती वाट आणखी आवळते. म्हणून तो रुग्णाला पाठीवर आडवे ठेवतो, कपाळ मागे आणि हनुवटी वर करतो. मानेला इजा झाल्याचा संशय असेल तर मान न वाकवता जबडा पुढे ओढतो. मामांना रिक्षात बसवून आम्ही नेमके उलटे केले.

चौथी गोष्ट, श्वास. छाती वरखाली होते का ते पाहतो, कानाने ऐकतो, गालाला हवा लागते का ते बघतो. हे सारे दहा सेकंदांत. मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा चालतो. आणि मधूनच येणारी ती घरघर? हृदय बंद पडल्यावर काही मिनिटे शरीर असे आचके देते. तो श्वास नव्हे! ज्याला आम्ही मामांच्या जिवंतपणाची खूण समजत होतो, ती खरे तर ताबडतोब छाती दाबा असे सांगणारी खूण होती.

पाचवी गोष्ट, रक्ताभिसरण. मानेजवळची नाडी, त्वचेचा रंग आणि थंडावा, कोठे रक्त वाहते आहे का. वाहत असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरतो. हृदय थांबले असेल तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, निदान पाच सेंटिमीटर खोल दाब देतो. पूर्वी आधी श्वास आणि मग छातीदाब असा क्रम शिकवीत. २०१० पासून मोठ्या माणसाचे हृदय अचानक थांबल्यास आधी छातीदाब सुरू करावा, असे शिकवले जाते.

जीव स्थिर झाला की मग बाकीची तपासणी. डोक्यापासून पायापर्यंत हात फिरवून इजा शोधायची. नातेवाइकांना विचारायचे की, काय होत होते, केव्हा सुरू झाले, कोणती औषधे चालू आहेत, कशाची अॅलर्जी आहे, शेवटचे काय खाल्ले? बेशुद्ध माणसाची साखर तपासायची, कारण मधुमेही माणूस साखर उतरल्यामुळेही पडतो आणि लोक त्याला दारू प्यायला समजतात. रक्तदाब, नाडी, श्वास यांची नोंद करायची आणि गंभीर रुग्णाच्या बाबतीत दर पाच मिनिटांनी पुन्हा पाहायचे. शेवटी ठरवायचे की कोणत्या इस्पितळात न्यायचे. जवळचे इस्पितळ आणि योग्य इस्पितळ ही नेहमीच एक नसतात.

यात जादू काही नाही. ठरलेला क्रम आहे आणि तो न चुकता, न घाबरता पाळण्याची सवय आहे.

मोजून पाहिले तेव्हा

पहिल्याच वर्षी फ्रीडम हाऊसच्या गाड्या जवळपास ६,००० हाकांना धावून गेल्या. डॉ. सफार यांनी काढलेल्या हिशेबाप्रमाणे त्या वर्षी सुमारे २०० जीव वाचले. १९७२ मध्ये दोन महिन्यांतील १,४०० रुग्णांचा अभ्यास झाला. अत्यवस्थ रुग्णांना योग्य उपचार देण्याचे प्रमाण पोलिसांच्या गाड्यांत ३८ टक्के, तर फ्रीडम हाऊसच्या गाड्यांत ८९ टक्के निघाले. शाळा अर्धी सोडलेल्या, नालायक ठरवलेल्या माणसांचा हा निकाल!

१९७२ साल आपल्या वाचकांच्या परिचयाचे आहे. अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली. त्याच वर्षी तिकडे पिट्सबर्गमध्ये जॉन मून हा तरुण फ्रीडम हाऊसमध्ये दाखल झाला. तो एका इस्पितळात वॉर्डबॉयसारखे काम करीत होता. एके दिवशी दोन कृष्णवर्णीय माणसे गणवेशात, ताठ मानेने आत आली, त्यांनी रुग्णाची जबाबदारी घेतली आणि निघून गेली. आपल्यासारखा माणूस इतक्या अधिकाराने वावरताना मूनने तोवर पाहिला नव्हता. आपणही हेच व्हायचे, असे त्याने त्या दिवशी ठरवले. पुढे श्वासनलिकेत नळी घालण्याचे कठीण काम इस्पितळाबाहेर करणाऱ्या पहिल्या तंत्रज्ञांत त्याची गणना झाली.

तरीही गोऱ्या रुग्णांपैकी काही जण अंगाला हात लावू देत नसत. जीव जात असतानाही स्पर्शाचा विटाळ! हे वाचून आपल्यापैकी कोणाला नवल वाटेल?

१९७४ मध्ये डॉ. नॅन्सी कॅरोलिन या तरुण डॉक्टर सेवेच्या वैद्यकीय संचालक झाल्या. त्या या मुलांबरोबर रात्री-अपरात्री गाडीतून फिरत. तेथील अनुभवातून त्यांनी रुग्णवाहिका तंत्रज्ञांसाठी अभ्यासक्रम तयार केला आणि तो पुढे देशभर आधारभूत ठरला. म्हणजे हिल वस्तीतील माणसांनी गल्लीबोळांत जे करून पाहिले, तेच साऱ्या अमेरिकेने पुस्तकातून शिकले.

यशाची शिक्षा

मग त्यांचे काय झाले? १९७५ साली नगर प्रशासनाने स्वतःची सेवा सुरू केली आणि फ्रीडम हाऊस बंद पडले. तेथील कर्मचाऱ्यांना नव्या सेवेत घ्यावे, असा आग्रह डॉ. कॅरोलिन यांनी धरला. घेतले खरे, परंतु जुन्या जोड्या फोडल्या, नव्या परीक्षा लावल्या आणि अनुभवी माणसांना नवशिक्या गोऱ्यांच्या हाताखाली ठेवले. वर्षभरात निम्मे लोक बाहेर पडले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस शहराच्या या सेवेत जवळजवळ सगळे कर्मचारी गोरे होते! ज्यांनी घर बांधले, त्यांनाच अंगणात उभे केले.

जॉन मून मात्र टिकला. तो सहायक प्रमुखाच्या पदापर्यंत पोहोचला आणि आपल्या वस्त्यांतील तरुणांना या कामात आणत राहिला. त्याने भरती केलेल्यांपैकी अमेरा गिलख्रिस्ट या २०२३ मध्ये पिट्सबर्गच्या आपत्कालीन वैद्यकीय सेवेच्या प्रमुख झाल्या. त्या पदावर आलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला. नोकरीत एकटे पडलेल्या माणसाने मागे दार उघडे ठेवले, तर काय घडू शकते याचे हे उदाहरण आहे.

आपल्या दारात

आता आपल्याकडे पाहू. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची मोफत रुग्णवाहिका सेवा आहे. हा आपला हक्क आहे, तो मागून घेतला पाहिजे. पण फोन केल्यापासून गाडी येईपर्यंतची मिनिटे कोणाची? हृदय थांबल्यावर चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. एवढ्या वेळात गाडी बोळाच्या तोंडाशी पोहोचेलच असे नाही. ती मिनिटे घरच्यांची आणि शेजाऱ्यांची असतात.

म्हणून काही गोष्टी आपल्या प्रत्येक घरात माहीत असाव्यात. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. ते फुप्फुसात जाते. फेफरे आलेल्याला चप्पल, कांदा हुंगवू नये, दातांत चमचा घालू नये. आजूबाजूच्या टणक वस्तू दूर कराव्यात आणि झटका थांबल्यावर कुशीवर वळवावे. भाजलेल्या जागेवर टूथपेस्ट, शाई न लावता वीस मिनिटे साधे वाहते पाणी धरावे. तोंड एका बाजूला वाकडे होणे, एक हात लुळा पडणे, बोबडे बोलणे यांपैकी काहीही अचानक झाले तर तो पक्षाघात समजावा आणि ‘थोडे पडू दे, बरे वाटेल’ असे न म्हणता तत्काळ निघावे. मेंदूतील गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. सर्पदंशात चिरा देऊ नये, करकचून बांधू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. तो अवयव न हलवता इस्पितळ गाठावे. रस्त्यावरच्या अपघातग्रस्ताला मदत करायला पोलिसांच्या लचांडाची भीती वाटते ना? मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला दिवाणी आणि फौजदारी कारवाईपासून संरक्षण दिले आहे. स्वतःचे नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर नाही.

अर्थात, लेख वाचून छातीदाब येत नाही, जसे पुस्तक वाचून पोहता येत नाही. त्यासाठी गुडघ्यावर बसून, घाम गाळून, पुतळ्यावर सराव करावा लागतो. आपल्या विहारांत, समाजमंदिरांत आपण व्याख्याने ठेवतो, रक्तदान शिबिरे घेतो. वर्षातून दोन रविवार या प्रशिक्षणासाठी द्यायला काय हरकत आहे? विशेषतः माता-भगिनींनी पुढे यावे, कारण दुपारी वस्तीत त्याच असतात. आणि आपल्या मुलामुलींनी हाही मार्ग पाहावा. आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ हा आता आपल्या देशातही स्वतंत्र व्यवसाय आहे. त्याचे पदविका आणि पदवी अभ्यासक्रम आहेत. डॉक्टर होता आले नाही म्हणून माणसाचा जीव वाचवण्याचे काम बंद होत नाही.

मामांच्या नंतर मी स्वतः असे प्रशिक्षण घेतले. पहिल्या दिवशी दोन मिनिटांतच माझे हात भरून आले. शिकवणाऱ्या बाईंनी थांबू दिले नाही, म्हणाल्या, “गाडी अजून आली नाही, दाबत राहा.” पुढे आमच्या कार्यालयातील अकरा जण शिकले. १०८ क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून आम्ही त्या फायलींच्या कपाटावर चिकटवला आहे. मामा परत येणार नाहीत. छातीदाब केल्याने ते वाचलेच असते असेही मी म्हणत नाही. पण इस्पितळाच्या दारात डॉक्टरांनी तोच प्रश्न पुन्हा कधी विचारला, तर आम्हाला एकमेकांच्या तोंडाकडे पाहावे लागणार नाही.